बस्ता बांधायला आलेली माणसं बसतात कुठे?

दिवाळीनंतर हिशेब घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक दुकानदार मला एकच वाक्य ऐकवतो, "मॅडम, पेठ संपली." मग कारणं येतात, तीही पाठ झालेली. ऑनलाइन, मॉल, पार्किंग, फेरीवाले, पोरं पुण्याला गेली, आणि जीएसटी. जीएसटी म्हणताना माझ्याकडे असं बघतात, जसा काही तो मीच आणला. सोलापूरच्या नवी पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस आहे, रिटर्न भरायचं काम. त्यामुळे कोण खरंच अडचणीत आहे आणि कोण सवयीनं रडतोय हे त्याच्या तोंडाआधी त्याचे आकडे सांगतात. ते आकडे बघून मला पेठेचा आजार जरा दुसराच वाटायला लागलाय.

बाहेरच्या वाचकांसाठी: नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती, चाटी गल्ली, सराफ बाजार हा आमचा जुना बाजार. पायी फिरता येईल एवढाच पसारा, पण त्यात मंगळसूत्रापासून म्हशीच्या दाव्यापर्यंत सगळं मिळतं. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये, तिसऱ्याशी तेलुगूत आणि हमालाशी दखनीत बोलतो, आणि भाव चारही भाषांत सारखाच चढा सांगतो. २०११च्या जनगणनेत शहरात साडेनऊ लाख माणसं होती. म्हणजे लोकसंख्येनं सोलापूर लहान नाही. पगारानं लहान आहे.

पगार पूर्वी होता. माझे वडील चाटी गल्लीत एका ठोक कापड दुकानात दिवाणजी होते. मिलचा पगार झाला की दोन दिवसांत उधारीची वही निम्मी मोकळी व्हायची, असं ते सांगायचे. ‘जुनी मिल’ नावाची कापड गिरणी साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू मिल नव्वदच्या दशकात. त्यानंतर यंत्रमाग, टॉवेल, चादर, शाळेच्या गणवेशांचे कारखाने आणि घरोघर विड्या वळणाऱ्या बायका यांनी शहर तगवलं, पण एका भोंग्यावर हजारो माणसं हातात पैसे घेऊन बाजारात उतरतात ते चित्र परत आलं नाही. शिकलेली पोरं पुण्याला गेली. आधी हुतात्मा एक्स्प्रेसनं जायची, २०२३पासून वंदे भारत आहे. सकाळी सहाच्या सुमारास निघालेला माणूस नऊला पुण्यात असतो. सोय झाली हे खरं, पण त्या गाडीतून पुण्यात खरेदी करून रात्री परतणाऱ्या पिशव्याही मी पाहिल्यात.

तरीही पेठेत पैसा येतो, आणि तो बहुतेक गावाकडून येतो. उसाचं बिल निघालं, डाळिंबाला बरा भाव मिळाला की मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, आणि सीमेपलीकडच्या इंडी, अफझलपूरकडून माणसं लग्नाचा बस्ता बांधायला इथंच येतात. ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, बस्ता म्हणजे दोन साड्या घेऊन निघून जाणं नव्हे. नवरीचा शालू, हळदीची, साखरपुड्याची, मग मानपानाच्या साड्या मान बघून, आहेराच्या साड्या गठ्ठ्यानं, टॉवेल-टोप्या, शर्टपीस-पँटपीस, म्हाताऱ्या माणसांना धोतर. गादीवर बसून चार-पाच तासांचं काम.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या ऑफिसखालच्या दुकानात मंगळवेढ्याकडचं असंच एक वऱ्हाड आलं होतं. दोन गाड्या, वीसेक माणसं, त्यात एक आजी आणि दोन तान्ही बाळं. पहिल्या साडीला हळदकुंकू लावून सुरुवात झाली. मामाला सगळं भारीतलं हवं होतं, बापाचं लक्ष सारखं खिशाकडे. नेहमीचंच. दीडेक तासानं नवरीची मावशी जिना चढून माझ्या दारात आली. आधी आत नजर टाकली, टेबलाशी बाईच बसलेली पाहिली, मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, बाथरूम हाय का वो इथं?"

आहे. गच्चीवर, मजल्यावरच्या तिघांत मिळून एक, किल्ली माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला. मी किल्ली दिली. मावशीनं खाली जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पुढच्या अर्ध्या तासात त्या घरातल्या झाडून सगळ्या बायका एकेक करून वर आल्या. आजीला दोघींनी धरून आणलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे गच्चीवरचं पिंप अर्ध्यावर होतं, ते तळाला गेलं. एक सून तिथंच पायरीवर बसून बाळाला पाजू लागली. मी तिला आत बोलावलं, तर म्हणाली, "सकाळपासनं पाणीच पिले नाय ओ. पिलं की जायला लागतंय."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. सकाळी सातला घरून निघालेली बाई दुपारी दोनपर्यंत पाणी न पिता साड्या निवडते. तिला घाई होणारच. त्या दिवशी कापडाचं बिल पावणेदोन लाखांच्या आसपास झालं. त्यानंतर त्यांना भांडी घ्यायची होती, चुडा भरायचा होता, चपला घ्यायच्या होत्या, रुखवताचं काहीबाही घ्यायचं होतं. सगळं पाच मिनिटांच्या अंतरावर. पण बाळ रडायला लागलं, आजी कावली, आणि ड्रायव्हरचा फोन आला की गाडी उचलून नेतायत. वऱ्हाड गेलं. भांडी त्यांनी मंगळवेढ्यातच घेतली असतील, किंवा हायवेवरच्या एखाद्या मोठ्या दुकानात.

हायवेवरचं आणि हद्दवाढ भागातलं मोठं शोरूम पेठेपेक्षा स्वस्त असतं, असा पेठेतल्या लोकांचा समज आहे. नसतं. दोघांचा माल सुरतेच्या त्याच व्यापाऱ्यांकडून येतो, बिलं माझ्याकडेच येतात (कोणाची ते विचारू नका). उलट तिथं नगामागे थोडं जास्तच लागतं. पण तिथं गाडी दारात लागते, लिफ्ट आहे, चहा येतो, आणि प्रत्येक मजल्यावर बाथरूम आहे. गिऱ्हाईक त्याचे पैसे देतं आणि कुरकुर करत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पेठेत माणूस येतो, पण पेठ त्याला थांबू देत नाही. तास-दीड तासाच्या वर इथं कोणाला राहताच येत नाही, विशेषतः बायकांना. आणि जुना बाजार चालतोच मुळी रेंगाळण्यावर. साडी घेतली, मग पोलका शिवायला टाकला, मग ओटीचं सामान घेतलं, मग आठवलं की जावेच्या मुलीला बांगड्या हव्यात. मोबाइलवर नेमकी वस्तू मागवणाऱ्याशी पेठेची स्पर्धा होऊच शकत नाही. पेठ जगते ती ठरवून न घेतलेल्या वस्तूंवर.

पार्किंगचं रडगाणं मला मान्य आहे, पण अर्धंच. एकदा सकाळी साडेदहाला मी जिन्याच्या खिडकीतून नुसतं बघत उभी राहिले. गिऱ्हाईक यायच्या आधीच रस्त्याच्या दोन्ही कडा भरल्या होत्या. गाड्या कोणाच्या? मालकांच्या, त्यांच्या मुलांच्या, दुकानातल्या पोरांच्या. माझीही होती, हे सांगून टाकते. म्हणजे दुकानासमोरची सगळ्यात महागडी जागा आपण दिवसभर आपलीच स्कूटर ठेवायला वापरतो आणि गिऱ्हाइकाला जागा नाही म्हणून निवेदनं देतो. यासाठी बहुमजली पार्किंग लागत नाही. एका बैठकीत मी हे बोलले, तर सगळे एकदम चहाच्या कपात बघू लागले.

फेरीवाल्यांचंही तसंच. संघटनेच्या बैठकीत त्यांना हटवा म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्यांपैकी काहीजण आपल्या ओट्याचं रोजचं भाडं त्याच फेरीवाल्याकडून घेतात. ते पैसे माझ्या वह्यांत कधी दिसत नाहीत, पण जिन्यातून दिसतात. २०१४च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात किमान ४० टक्के विक्रेत्यांचेच प्रतिनिधी हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. कोणी कुठं आणि किती वाजता बसायचं हे त्या समितीसमोर ठरायला हवं. पिना, रुमाल, शेंगाचटणी, हिरवा चुडा विकणारे हटवले, तर पेठेत बाई कशासाठी रेंगाळेल? गाड्याभोवतीची गर्दी दुकानाच्या दारात असते आणि तिच्यातलेच काही लोक आत शिरतात. फक्त चालायला चार फूट जागा सोडून बसा, हे कोणीतरी रोज सांगावं लागतं.

आता माड्यांकडे वळते, कारण खरी गाठ तिथं आहे.

पेठेतून चालताना कधीतरी मान वर करून बघा. खाली झगमगाट, वर बंद खिडक्या. माझ्या लहानपणी दुकानाच्या वर मालकाचं घर असायचं. दुकान नऊला बंद झालं तरी वरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, खाली दुधाचं, इडलीचं, औषधांचं दुकान उघडं असायचं, कारण रात्री राहणारी माणसं होती. मग मालक जुळे सोलापूरला, होटगी रोडला, विजापूर रोडला बंगले बांधून गेले. माड्या गोदाम झाल्या किंवा नुसत्याच बंद. आता नऊनंतर पेठेत कुत्री आणि मी, मार्च महिन्यात.

त्या माड्या भाड्यानं का जात नाहीत? मी कागद बघते म्हणून सांगते. पहिली गोष्ट, मालकी. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झालेली. वारस डझनभर. कोणी पुण्यात, कोणी हैदराबादेत, एक अमेरिकेत. वारसनोंद केली की वाटणीचा विषय निघणार, म्हणून कोणी करत नाही. दुसरी गोष्ट, भाडं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा, अमलात आला ३१ मार्च २०००ला. जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. २००० साली दीडशे रुपये भाडं असेल तर दरवर्षी न चुकता वाढवूनही पंचवीस वर्षांनी ते चारशेच्या आसपास येतं. चारशे रुपयांत प्लंबर जिना चढत नाही. मग छप्पर गळतं, मालक म्हणतो भाडेकरू बघेल, भाडेकरू म्हणतो मालक बघेल, आणि दोघंही बरोबर असतात. भाडेकरूला मी खलनायक करणार नाही. त्याच्या बापानं पागडी मोजलेली आहे, ती कुठल्या कागदावर नाही एवढंच.

या धास्तीनं मालक रिकामी माडी छोट्या धंदेवाल्याला देत नाहीत. बँकेला देतात, किंवा भरणा झालेलं भांडवल एक कोटी वा त्याहून जास्त असलेल्या कंपनीला, कारण त्यांना या कायद्याचं संरक्षण नाही. तशा कंपन्या पेठेच्या अरुंद जिन्यात येणार किती? म्हणजे माडी बंदच.

पण याच कायद्यात एक दार उघडं आहे, आणि ते आमच्या मालकांना मी सांगून थकले. राहण्यासाठी जागा लिव्ह अँड लायसन्सवर दिली, करार नोंदवला, तर मुदत संपल्यावर कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दरानं पैसे भरावे लागतात. दुकानासाठी दिलेल्या जागेला ही सोय नाही, राहण्याच्या जागेला आहे. आणि राहायला माणसं आहेत की! सिव्हिल हॉस्पिटल फार लांब नाही, तिथं शिकणाऱ्या, काम करणाऱ्या मुली आहेत, कॉलेजची पोरं आहेत, बँकेत बदलून आलेली एकटी माणसं आहेत. पन्नास माड्यांत दीडशे माणसं राहिली तर रात्री साडेनऊला पोळीभाजीचं केंद्र चालेल, मेडिकल उघडं राहील, आणि पेठेतून बाई एकटी चालत जाईल.

स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत २०१६ साली आमचं नाव आलं तेव्हा पेठेनं पेढे वाटले होते. कामं झाली. होम मैदान, सिद्धेश्वर तलावाचा परिसर, महापालिकेच्या जुन्या इंद्रभुवन इमारतीची डागडुजी. इंद्रभुवन तर इतकं देखणं झालंय की मी पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवते. त्या कामांना नावं ठेवायची नाहीत मला. पण वास्तू दुरुस्त करता येते कारण तिचा मालक एक आहे. पेठेतल्या माडीला बारा मालक आणि एक भाडेकरू, तिथं कोणता ठेकेदार काय करणार?

अमेरिकेत १९७७ साली गॅल्सबर्ग, हॉट स्प्रिंग्ज आणि मॅडिसन या तीन छोट्या गावांत जुन्या बाजारपेठा वाचवायचा एक प्रयोग झाला, पुढे तो मेन स्ट्रीट कार्यक्रम म्हणून देशभर पसरला. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट अगदी साधी आहे: प्रत्येक गावात बाजारासाठी एक पगारी माणूस नेमला. त्याचं काम हेच, दुकानदारांना एकत्र बसवायचं, रिकाम्या जागेला माणूस शोधायचा, कार्यक्रम ठरवायचे. आमच्याकडे संघटना आहे, अध्यक्ष आहेत, पण अध्यक्ष सकाळी दहा ते रात्री नऊ स्वतःच्या गल्ल्यावर. वारसांना फोन करणार कोण?

आणि पेठेकडे स्वतःचं असं काही उरलं नाही, असंही नाही. माझ्या समोरच्या माडीवर एक शिंपीकाका आहेत. डिसेंबर लागला की त्यांना मान वर करायला फुरसत नसते, कारण जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, आणि नंदीध्वजाच्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदी, म्हणजे बंद बांधायचा अंगरखा, लागते. ती मापानंच शिवून हवी. बाप, लेक आणि चार वर्षांचा नातू एकदम माप द्यायला येतात. जाताना पेठेत जेवतात, धोतर घेतात, पोराला खेळणं घेतात. उलट चादरीचं बघा. तुळजापूर आणि अक्कलकोट इथून तासाभराच्या आत आहेत, वर्षभर लाखो भाविक जातात, आणि सोलापुरी चादर घेतात कुठं तर हायवेवरच्या दुकानात, बऱ्याचदा दुसरीकडची नकली. त्यातली शंभरातली दोन माणसं जरी मधल्या मारुतीपर्यंत आली तरी पेठेला पुरे. पण पुन्हा तेच, गाडीतल्या आजीला आल्याबरोबर आधी काय लागतं?

तर आम्ही काय केलं ते सांगते. सात दुकानदारांनी आणि मी मिळून एका बंद वाड्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या साफ करून घेतल्या. बायकांसाठी बाथरूम, बाळाला पाजायला पडदा लावलेली जागा, दोन बाकडी, पिण्याचं पाणी. वाड्याच्या वारसांपैकी पुण्यातल्या ताईंनी परवानगी दिली, बाकीचे गप्प राहिले, आणि आमच्याकडे गप्प राहणं म्हणजे होकार. एक अक्का दिवसभर तिथं असतात, त्यांचा पगार आणि टँकर आम्ही वाटून घेतो. दुकानांत पाट्या लावल्यात. गेल्या लगनसराईपासून चालू आहे. एकानं तिसऱ्या महिन्यापासून वर्गणी थांबवली. विचारलं तर म्हणाला, "आमचं चपलांचं दुकान, आमच्याकडे बायका कमी येतात." कमी का येतात, हे मी विचारलं नाही.

धंदा वाढला का? आकड्यांवरून अजून ठाम सांगता येणार नाही, मध्ये सप्टेंबर २०२५मध्ये अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, त्याचाही हात असेल. वाड्याशेजारच्या भांडीवाल्यांची विक्री मात्र वाढलीय, रिटर्नमध्ये दिसते. ते म्हणतात त्यांनी नवीन शोकेस केली म्हणून. असू दे.

पुण्यातल्या ताई आता त्याच वाड्याची माडी दोन नर्सिंगच्या मुलींना लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला तयार झाल्यात. खोल्या कोरड्या आहेत, वीज आहे, पण जिन्याचा कठडा तुटलाय आणि मुलींचे वडील जिना बघूनच परत गेले. सुतारानं साडेअकरा हजार सांगितलेत. ताई म्हणतात भाड्यातून वळते करा, दुकानदार म्हणतात मालकानं करावं. रविवारी सकाळी दहाला माझ्या ऑफिसात बैठक ठेवलीय. गाड्या रस्त्यावर न लावता या, असं निरोपात लिहिलंय.